बावन्न स्थळांचा कॅट

आमच्या घरमालकांच्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला असायचा. मला वाटलं, तंबाखूचा डबा असेल. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी त्या खिशातून पत्त्यांचा कॅट काढला.

"समोरची खोली आहे आन् मागची आहे," ते म्हणाले. "लाल आला तर समोरची, काळा आला तर मागची. ओढा."

मी म्हटलं, "सर, मागच्या खोलीला लागून संडास आहे. मला समोरची द्या."

"समोरची तर सगळ्याइलेच पाहिजे असते. म्हणूनच ओढायचं."

दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या आणि भाडेकरू मी एकटीच होते. हे मी त्यांना सांगितलं. त्याने पत्त्याला फरक पडत नाही, असं ते म्हणाले. मी ओढला. काळा आला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, कॅटमध्ये परत घातला, सगळा कॅट नीट पिसला आणि मला मागच्या खोलीची किल्ली दिली. पुढच्या वर्षी करार नवा करताना त्यांनी पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा काळा आला. समोरची खोली तोवर रिकामीच होती.

सर नांदुऱ्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मी बाजार समितीत कारकून. माझ्या कामात तूर ही तूर असते आणि पोतं हे पोतं असतं, त्यामुळे अशा माणसाच्या घरात राहायची मला सवय नव्हती. मी हे लिहिलेलं सर वाचतील अशी भीती नाही. छापलेल्या मजकुरात आकडेमोड नसली तर ते पान उलटतात.

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. काढलेला पत्ता परत ठेवायचा. शाळेच्या पुस्तकात तशी उदाहरणं असतात. चांगल्या पिसलेल्या बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो राणी असण्याची संभाव्यता किती? बाकीचे शिक्षक ते फळ्यावर सोडवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. सर त्याच धड्यात राहिले. पत्ता काढला, पाहिला, परत ठेवला, पिसला, की कॅट पुन्हा पहिल्यासारखा. आधी काय निघालं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. कोणावर राग नाही, कोणाची भीड नाही. सरांना हे इतकं न्यायाचं वाटायचं की घर, गल्ली, सोयरीक, सगळं याच रीतीने चालावं असा त्यांचा आग्रह होता.

स्वयंपाकघरातही तसंच. इस्पिक म्हणजे वांगं, बदाम म्हणजे टमाटे, चौकट म्हणजे मेथी, किलवर म्हणजे बरबटी, चवळीच्या शेंगा. सकाळी त्यांची बायको, म्हणजे काकू, चूल पेटवायच्या आधी सर पत्ता ओढायचे. एकदा वांगं मागे लागलं. रोज इस्पिक. काकू एक दिवस म्हणाल्या, "आज तरी दुसरं निघन. इतके दिवस वांगंच खाऊन राह्यलो."

"काऊन निघन?" सर म्हणाले. "पत्त्याले का मालूम तू काल काय रांधलं ते?"

इस्पिक निघालं. काकूंनी विळी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "माह्या बापानं मले द्यायच्या आधी एक पत्ता ओढला असता तं बरं झालं असतं."

सर यावर रागावले नाहीत. "ओढायलेच पाहिजे होता," ते म्हणाले.

पत्ते खेळणाऱ्यांशी मात्र त्यांचं जमत नसे. रमी त्यांना घाण वाटायची, कारण तिच्यात टाकलेला पत्ता तसाच पडून राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले पुरुष मारुतीच्या पारावर पत्ते मांडतात. नव्याने राहायला आलेल्या कोणीतरी, सरांना पत्त्यांचं एवढं ज्ञान आहे म्हणून, त्यांना आग्रहाने नेऊन बसवलं. पहिला पत्ता पडला. सरांनी तो उचलून कॅटमध्ये खुपसला आणि पिसायला घेतला. दुसरा पडला, तोही उचलला. लोकांना आधी गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. शेवटी एकाने त्यांच्या चपला आणून समोर ठेवल्या. सर शांतपणे उठले आणि रस्त्यात मी भेटले तेव्हा मला सांगू लागले, "बाई, यांचा खेळ जसजसा पुढे जाते तसतसा अन्याय वाढते. शेवटच्या माणसाले उरलेलं घ्यावं लागते."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घटमांडणीचं भाकीत ऐकायला लोक जातात, तिथे मात्र सर आवर्जून जायचे. पाऊस-पीक त्यांना समजत नव्हतं, शेती त्यांनी कधी केली नव्हती. पण घट दरवर्षी नवा मांडतात, गेल्या सालचं काही त्यात राहत नाही, हे त्यांना पटत होतं. "पद्धत बरोबर आहे," असं ते परत आल्यावर सांगत. भाकीत काय झालं, ते विचारलं तर त्यांना आठवत नसे.

शेजारच्या आजींच्या सुनेला तीन मुलींवर पुन्हा दिवस गेले होते. आजी सरांकडे आल्या. शिकला-सवरलेला माणूस आहे, काही सांगेल असं त्यांना वाटलं असावं.

"मास्तर, तीन पोरी झाल्या. आता तं पोराचीच पाळी हाय न?"

"पाळी नळाच्या पाण्याची असते, आजी. लेकराची नसते. आताही अर्धं ते अर्धंच."

आजींना हे कळलं नाही, म्हणून सरांनी कॅट काढला. लाल म्हणजे मुलगी, काळा म्हणजे मुलगा. ओढला, लाल. परत ठेवून पिसला, ओढला, लाल. तिसऱ्यांदा लाल आला तेव्हा आजी उठल्या. सर "थांबा, अजून ओढतो" म्हणत त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि तिथे ओढला, तर तोही लाल. पुढे मुलगीच झाली. आजींनी त्याचा सगळा दोष सरांच्या माथी मारला आणि बोलणं टाकलं. सुनेला मात्र बरं वाटलं, सासूला दोष द्यायला पहिल्यांदाच तिच्याऐवजी दुसरा कोणी सापडला होता. ती अधूनमधून मागच्या दाराने, म्हणजे माझ्या खोलीवरून, सरांसाठी वाटीभर कढी पाठवत असे.

असा माणूस मुलीचं लग्न कसं करेल याचा अंदाज मला यायला हवा होता.

शुभांगी ही सरांची एकुलती एक मुलगी. घरात शुभी. रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. डोकं शांत, बोलणं थोडं. तिच्यासाठी स्थळं येऊ लागली तेव्हा सरांनी एकेका स्थळाला एकेक पत्ता देऊन टाकला आणि यादी बैठकीच्या भिंतीवर चिकटवली. बावन्न भरल्याशिवाय ओढायचं नाही, हा नियम. त्यासाठी त्यांनी जिल्हा पालथा घातला. नातेवाइकांनी सुचवलेले, मेळाव्याच्या पुस्तकातले, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचा भाचा, सगळे घेतले. यादी भरेपर्यंत त्यातल्या काहींची लग्नंही होऊन गेली, तरी त्यांना काढलं नाही.

"ज्याचं लग्न झालं त्याले कायले ठेवता?" काकूंनी विचारलं.

"त्याले काढलं तर एकावन्न होतात. मंग प्रत्येकाची संभाव्यता वाढते. बाकीच्याईनं असं कोणतं पुण्य केलं?"

दर रविवारी सकाळी सर पत्ते मोजून घ्यायचे, पिसायचे, एक ओढायचे, स्वतः बघायचे, मोठ्याने सांगायचे, सगळ्यांना दाखवायचे आणि परत ठेवायचे. मग यादीत बघून त्या घरी फोन. ते लोक येऊन मुलगी बघायचे, पोहे व्हायचे. शुभी नाही म्हणायची किंवा ते नाही म्हणायचे. दोन्हीकडून नाही झालं तरी पत्ता कॅटमध्येच असायचा.

किलवर तिर्री होता बीबी गावचा गजानन. त्याचं बीबीच्या बाजारात बी-बियाणं आणि खतांचं दुकान. पहिल्यांदा तो काकाला घेऊन आला. काका एकटेच बोलले, शुभी नाही म्हणाली. थोड्या महिन्यांनी पुन्हा किलवर तिर्री निघाली. सरांनी फोन केला.

"आम्हाले तं नाही सांगतलं होतं न?" काका म्हणाले.

"हो. पण पत्ता परत टाकला होता."

काकांना काय कळलं कोण जाणे, पण आपल्या पुतण्याबद्दल पोरीकडच्यांचं मन बदललं असं समजून ते पुन्हा आले. बीबीहून नांदुऱ्याला यायचं म्हणजे एसट्या बदलत अर्धा दिवस जातो. पुन्हा पोहे, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तिर्री निघाली तेव्हा काकांनी यायला साफ नकार दिला आणि गजानन एकटा आला. आल्या आल्या काकूंना म्हणाला, "काकू, पोह्यात शेंगदाणे थोडे कमी टाका. मागच्या खेपेले तब्येतीले जड झाले होते."

तोवर एक गोष्ट झाली होती. शुभीच्या लॅबमध्ये नीलेश नावाचा मुलगा होता. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेऊन यायचा. त्या दोघांचं ठरलं होतं. शुभीने ते बापाला सरळ सांगितलं. सर आनंदाने म्हणाले, "चांगला मुलगा आहे. माझी शुगर त्यानंच तपासली होती. पण कॅटमध्ये जागा नाही."

"मंग कोणाले तरी काढा न, बाबा."

"कोणाले काढू? कोणी आपणहून जागा सोडली तर टाकतो."

मी शुभीला मागच्या ओट्यावर गाठलं. "तू कमावती आहेस, सज्ञान आहेस. सरळ जाऊन लग्न करून ये."

ती म्हणाली, "मावशी, मी जाईन वो. पण नीलेशच्या आईचं म्हणणं आहे, पोरीच्या बापानं नारळ घेऊन आमच्या दारात यावं आन् रीतसर मागणी घालावी. त्या काई वाईट नाहीत. त्याइच्या मोठ्या पोरानं कोर्टात लग्न केलं, तवापासून त्या गल्लीत मान खाली घालून चालतात. आन् बाबा पत्ता निघाल्याशिवाय नारळ उचलत नाहीत."

अडचण एवढीच होती आणि ती सुटण्यासारखी नव्हती.

तिसऱ्या भेटीत शुभीने गजाननला हे सगळं सांगितलं. त्याने पोहे संपवले, हात धुतले आणि सरांसमोर येऊन बसला.

"सर, माह्यी तिर्री त्या नीलेशले देऊन टाका."

"तुम्ही स्वखुशीनं सोडता?"

"एकदम खुशीनं. सोयाबीनचं बियाणं आलं आहे, दुकानात पाय ठेवाले जागा नाही, आन् मी इथं पोहे खाऊन राह्यलो."

सर उठले. यादीत गजाननचं नाव खोडलं, नीलेशचं लिहिलं. कॅट बावन्नचा बावन्न राहिला, कोणाचीही संभाव्यता हलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान क्वचितच पाहिलं.

एका पत्त्यावर नीलेश आला खरा, पण मी सरांना विचारलं, "हा निघायला किती दिवस लागतील?"

"सरासरी एक वर्ष धरा. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे, बाई. आयुष्यभर नाही निघाला असंही होऊ शकते."

शुभी तिथेच उभी होती. तिने स्कूटीची किल्ली घेतली आणि कामावर गेली.

पुढचं डोकं गजाननचं. त्याने भिंतीवरच्या यादीचा फोटो काढून नेला होता, त्यात सगळ्यांचे नंबर होते. त्याने व्हॉट्सॲपवर या सगळ्या स्थळांचा ग्रुप काढला आणि त्याला 'नांदुरा बावन्न' नाव दिलं. त्यावरचे मेसेज शुभी मला वाचून दाखवायची. कोणी लिहायचं, मले दोनदा बोलावलं, तुले किती? कोणी लिहायचं, माझं लग्न झालं तरी फोन आला, बायको माहेरी गेली, आता तिले काय सांगू? गजाननने सगळ्यांना एकच उपाय सांगितला. सरांना फोन करा, माझा पत्ता नीलेशला सोडला म्हणा, मोकळे व्हा.

एकाच माणसाने अनेक पत्ते घ्यावेत का, यावर सरांनी आठवडाभर विचार केला. मग निकाल दिला, "पत्ता ज्याचा त्याचा. त्यानं तो कोणाले द्यावा हा त्याचा हक्क आहे. माझं काम फक्त पिसायचं."

मग फोन येत राहिले. सर प्रत्येकाला विचारायचे, "स्वखुशीनं?" आणि पलीकडून इतक्या जोरात हो यायचं की ते मला माझ्या खोलीत ऐकू येई. यादीत एकाखाली एक नीलेश, नीलेश, नीलेश. मध्यंतरीच्या रविवारी ज्यांनी अजून सोडलं नव्हतं नेमके तेच निघत होते. ते येऊन, पोहे खाऊन, पत्ता सोडून जात होते. एकदाही नीलेश निघाला नाही. शेवटी एकच पत्ता दुसऱ्याचा उरला. किलवर नव्वी, वरवट बकाल गावचं स्थळ.

वरवट बकालचं उत्तर ग्रुपवर आलं होतं. वडील नाही म्हणतात.

मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तरी वडील नाही म्हणतात. एका सुटीच्या दिवशी मी आणि गजानन तिथे गेलो. अंगणात बाजेवर म्हातारे बसले होते. त्यांच्या सुनेने आम्हाला चहा दिला. मुलगा खाली मान घालून दाराशी उभा राहिला.

मी म्हटलं, "काका, तुमच्या मुलाचं लग्न झालंय. तो पत्ता तुमच्या काही कामाचा नाही. एका पोरीचं अडलंय."

"कामाचा नाही, ते मलेही समजते," म्हातारे म्हणाले. "पण नाव आमचं चढलं आहे न?"

"भिंतीवरच्या कागदावर चढलंय, काका."

"कुठंही चढो. चढलं ते चढलं. आमच्या घरात शेताच्या धुऱ्याचं वीतभर रान कोणी सोडलं नाही. माह्या आज्यानं बोराच्या एका झाडासाठी भावासंग बोलणं टाकलं. मी आज पत्ता सोडतो, उद्या गावात काय म्हणतीन? म्हातारं सोडाले लागलं. परवा बाजूचा धुरा सरकवन."

सून कपबश्या उचलता उचलता म्हणाली, "मामाजी, देऊन टाका न. पत्ता निघाला तं मले सवत आणता का?"

"सवत कायची? ते लोक बोलावतीन, आपण जाऊ, पोहे खाऊ, नाही म्हणू. तूही चल. पण हक्क सोडाचा नाही."

गजाननने मला डोळ्यांनी उठायची खूण केली. येताना एसटीत त्याने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "मावशी, बाकी एकावन्न पत्ते आपले आहेत. एकाची काय भीती?"

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. पण त्याच आठवड्यात नीलेशच्या आईने निरोप धाडला. तिच्याकडे मलकापूरचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि त्या लोकांना ती फार दिवस ताटकळत ठेवू शकत नव्हती. या रविवारी शुभीचे वडील नारळ घेऊन आले तर ठीक. नाही आले तर सोमवारी ती मलकापूरला होकार कळवणार होती. नीलेश आईशी भांडला, पण दोन्ही मुलांनी रीत मोडली असं त्याला तिच्या कपाळी लिहायचं नव्हतं. शुभीने हे बापाला सांगितलं. सर म्हणाले, "एकावन्न अंश आपल्याकडं आहेत. एकच विरुद्ध आहे. तुले कायची काळजी?"

"आन् तोच निघाला तं?"

"निघू शकते," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी गजानन सकाळच्या गाडीनेच आला. नीलेशच्या आईच्या दारी सरांबरोबर आणखी एक पुरुष माणूस असावा म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काकूंनी बैठकीला लागूनच असलेल्या स्वयंपाकघरात शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता. नारळ, हळदकुंकू, ब्लाउजपीस, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं होतं. शुभी खिडकीला टेकून उभी होती. तिच्या हातात मोबाईल होता, पण ती त्यात बघत नव्हती.

काकूंना माळ्यावरची लोणच्याची बरणी हवी होती. नीलेशच्या आईला काहीतरी घरचं न्यावं, असं त्यांच्या मनात आयत्या वेळी आलं. माळा बैठकीतच होता, सरांच्या खुर्चीच्या बरोबर मागे. मी स्टूल ओढलं आणि वर चढले. सर तोवर पत्ते मोजत होते. मोजले, पिसले, पुन्हा पिसले, आणि एक ओढला.

मी वर होते. सरांचं टक्कल माझ्या खाली आणि पत्ता त्यांच्या छातीशी. मला किलवर नव्वी दिसली. दोन्ही बाजूंना चार चार आणि मधे एक काळं फूल, चुकायला जागा नव्हती. माझ्या हातात बरणी होती, ती मी घट्ट धरली.

सरांचा चेहरा मला दिसत नव्हता. दिसत होता तो त्यांचा अंगठा. तो पत्त्याच्या कडेवरून एकदा वर गेला आणि खाली आला. आयुष्यभर हा माणूस वर्गात, पारावर, बाजारात लोकांना सांगत आला होता की असं होऊ शकतं, आणि लोक हसत आले होते. एकावन्न सोडून तोच एक पत्ता त्याच्या हातात होता. समोर साक्षीला बायको होती, मुलगी होती, बीबीचा गजानन होता. दाखवला असता तर नांदुऱ्यात पुढची कित्येक वर्षं कोणी त्यांच्यापुढे तोंड उघडलं नसतं.

"बदाम सत्ती," सर म्हणाले. "नीलेश."

आणि पत्ता कॅटमध्ये घालून पिसू लागले.

काकूंनी झारा कढईवर आपटला. शुभीने तिथूनच नीलेशला फोन लावला. गजानन म्हणाला, "सर, दाखवा तं खरं. दर वेळी दाखवता."

"काय दाखवायचं त्यात?" सर पिसतच होते. "एकावन्न त्याचे होते, त्यातला एक निघाला. याच्यात विशेष काहीच नाही. रोज घडते तसं घडलं."

ते इतका वेळ पिसत राहिले की गजाननला शेवटी म्हणावं लागलं, "सर, चला न आता, त्या बाई वाट पाहून राह्यल्या असतीन." मग सरांनी कॅट खिशात घातला, टोपी घातली, पिशवीत नारळ आहे ना ते चाचपून पाहिलं. दारात पोचल्यावर मागे वळले आणि माझ्याकडे, माळ्याकडे, पाहिलं. मी अजून स्टुलावरच होते.

"बाई, उतरा खाली," ते म्हणाले. "असं वर चढलं का माणसाले चक्कर येते. मंग काईच्या काई दिसते."

मी बाजार समितीच्या गोदामात थप्प्यांवर चढून पोती मोजत आलेली बाई. मला उंचीवर कधी चक्कर आलेली नाही.

"हो सर," मी म्हटलं, "आली खरी थोडी." आणि बरणी काकूंच्या हातात देऊन उतरले.